आवाजाचं बटण

अंधेरी, १४ ऑगस्ट १९५४

चि. वनू,

दोन वर्षांत माझ्या एकाही पत्राला तू उत्तर दिलं नाहीस. पण मुलुंडचा पोस्टमन पत्र परतही आणत नाही. म्हणजे तू ती घेतेस, आणि घेतेस म्हणजे वाचतेस. मला तेवढं पुरतं. समोरून टाळी पडली नाही तरी आवाज पोचतोय हे मला कळतं, धंदाच तो आहे.

आता आनंदाची बातमी. तुझ्या नवऱ्याचं भाषण ऐकलं. लग्नाला तुम्ही मला बोलावलं नाही, रजिस्टरवर सह्या करून मोकळे झालात, त्यामुळे जावईबापूंचा आवाज एवढ्या जवळून कधी ऐकला नव्हता. आवाज चांगला आहे. खालचा स्वर भरलेला, 'स' जरा शिट्टीसारखा वाजतो. माइकपासून एक वीत लांब उभं राहायला सांग त्याला.

नऊ तारखेची सभा तुला माहीतच आहे. आपल्या जुन्या चाळीतला सहदेव बेचाळीसच्या चळवळीत तारा तोडून पळाला, मरोळच्या तबेल्यात लपला, पोलीस आले तेव्हा मागच्या बाजूनं पवईच्या वाटेला धावला आणि दगडाच्या खाणीत पडून गेला. एकोणीस वर्षांचा पोरगा. त्याचा फोटो खुर्चीवर ठेवून, हार घालून दर साली सभा होते, आणि दर साली मी लाऊडस्पीकर फुकट देतो. त्याची आई रुक्मिणी पहिल्या रांगेत बसते. यंदा तिचा दमा वाढलाय. दोन कर्ण्यांच्या मधे बसली होती, तरी तिच्या छातीतली शिट्टी मला ऐकू येत होती.

जावईबापू विद्याधर मास्तर अर्धा तास सरकारला झोडत होते. लोक खूश. मग पाणी प्यायले, फोटोकडे बघितलं आणि म्हणाले, "सहदेव कुठं लपलाय हे पोलिसांना ज्यानं सांगितलं, तो आत्ता इथं हजर आहे. ह्या सभेला दरवर्षी लाऊडस्पीकर फुकट देतो तो. जयवंत नारकर."

आपला म्हातारा धोंडू मशीनपाशी होता. तो बटण बंद करायला झेपावला. मी त्याचं मनगट धरलं. म्हटलं, "धोंड्या, राहू दे. बोलू दे माणसाला." आणि आवाजाचं बटण मी स्वतःच्या हातानं उजवीकडे पूर्ण फिरवलं. मास्तरांनी नाव पुन्हा एकदा घेतलं. ते पार रुळांपलीकडच्या भाजीवाल्यांपर्यंत गेलं असेल.

का फिरवलं असं विचारशील. अगं, माणसं अर्धवट ऐकतात आणि मग कोर्टात 'असं काहीसं म्हणाले बुवा' म्हणतात. तसं नको होतं मला.

एक सांग. सहदेव सापडला त्याच्या आदल्या दिवशी फौजदार आपल्या घरी चहा पिऊन गेला, हे घरातल्या तिघांनाच माहीत. तुझ्या आईच्या तोंडून बारा वर्षांत ते निघालेलं नाही. म्हणजे मास्तरांना ते तू सांगितलंस. तेव्हा तू दहा वर्षांची होतीस. स्मरणशक्ती माझ्यावर गेलीय, बरं वाटलं. फौजदार माझ्याकडे चहा प्यायला, खरं आहे. बेचाळीसला सरकारनं सगळ्यांची मशिनं जप्त केली होती, माझं तेवढं परत मिळालं. माझा स्वभाव गोड आहे, आणखी काय.

उद्या पार्ल्याला श्यामकांत वकिलाकडे जातोय.

तुझे अण्णा

अंधेरी, १२ सप्टेंबर १९५४

चि. वनू,

गणपती आटोपले. अंधेरीपासून घाटकोपरपर्यंत आपले कर्णे होते. रुक्मिणीच्या चाळीच्या गणपतीलाही होते. मंडळाच्या पोरांनी आधी 'नको' म्हणून पाहिलं, मग इतर कुणाचं मशीन मिळेना. येताना मान खाली घालून आले.

फिर्याद दाखल केलीय. समन्स पोचलं असेल. घाबरू नकोस, त्यातलं काय ते मी तुला सोपं करून सांगतो. मी इंग्रजी चार यत्ता. बाकीचं शिक्षण स्टुडिओत, बांबूला माइक बांधून नटांच्या डोक्यावर धरत. पण श्यामकांतनं एका बैठकीत मला अख्खी राज्यघटना शिकवली.

मी म्हटलं, "वकीलसाहेब, घटनेत म्हणे बोलायची मोकळीक आहे."

"आहे. कलम एकोणीस."

"मग हा मास्तर सुटला."

त्यानं तपकीर ओढली, पुस्तक माझ्यापुढं सरकवलं. "नारकर, वरचं वाक्य वाचून लोक पुस्तक मिटतात. खालचं वाचा."

खाली कप्पे आहेत, वनू. आमच्या धंद्यात कसं, माइकला कोण बोलतो ते कळत नाही. तो मंत्र्याचा आवाज मोठा करतो तसाच माकडवाल्याचाही करतो. कायदा तसा नाही. तो आधी विचारतो, हे बोलणं कुठल्या जातीचं? सरकार नालायक आहे, मंत्री लोळत पडलेत, असं म्हण. चालतं, त्याला घटना पदराखाली घेते. 'चला, कचेरी पेटवू' म्हण. नाही चालत, ती गुन्ह्याची चिथावणी, ते शब्द तीन वर्षांपूर्वी घटना दुरुस्त करून मुद्दाम घातलेत. मॅजिस्ट्रेटनं पैसे खाल्ले म्हण, तो कोर्टाचा अवमान. आणि जयवंत नारकरनं पोरगा पकडून दिला म्हण, ती बदनामी. तो कप्पा पहिल्यापासूनच आहे, दुरुस्तीची वाट बघत बसलेला नाही.

मी विचारलं, "म्हणजे सरकारच्या अब्रूपेक्षा माझी मोठी?"

"ह्या कलमापुरती, हो."

घरी येईपर्यंत हसत होतो. आयुष्यात पहिल्यांदा कुणी असं म्हणालं.

गेल्या साली मास्तरांना रेशनच्या किडक्या ज्वारीवरच्या भाषणाबद्दल पकडलं होतं, आठवतं ना? सुटले, हार पडले, मिरवणूक निघाली. त्या मिरवणुकीला कर्णे माझेच होते. तेव्हाच माझ्या मनात आलं, ह्या माणसाला वाटतंय तोंड उघडलं की हार पडतो. सरकारला शिव्या देणारा हुतात्मा होतो गं, सासऱ्याला देणारा नुसता आरोपी होतो. पेपरातही येत नाही. शिक्षा झाली तर दोन वर्षांपर्यंत होऊ शकते, आणि शिक्षा झालेला मास्तर शाळा ठेवत नाही. शिकवण्यांवर किती दिवस काढाल?

तुला दिवस गेलेत असं तुझ्या आईच्या कानावर आलंय. ती देवापुढं बसून रडली, मग लाडवांना डिंक आणायला धोंडूला पाठवलं. अजून सात महिने आहेत, तो डिंक आधी मुंग्या खातील. पण पहिलं बाळंतपण माहेरी करायचं असतं हे तुला मी सांगायला नको.

म्हणून सोपं सांगतो. मास्तरांनी त्याच मैदानात, त्याच माइकवर, रुक्मिणीसमोर म्हणायचं, मी बोललो ते खोटं होतं. मी फिर्याद मागे घेईन, आणि तू घरी ये. मशीन फुकट.

तुझे अण्णा

अंधेरी, २८ नोव्हेंबर १९५४

चि. वनू,

कोर्टात तुला बघितलं. मागच्या बाकावर, हिरवं लुगडं. वाळलीस. माझ्याकडे बघितलं नाहीस, पण मला खोकल्याची ढास आली तेव्हा तुझी मान वळली. सवय लवकर जात नाही.

मास्तरांच्या वकिलानं झकास भाषण केलं. घटना, स्वातंत्र्य, हुतात्मे. मॅजिस्ट्रेटांनी ते पेन्सिल टोकत ऐकलं आणि म्हणाले, "हे वर हायकोर्टात सांगा. इथं मला एवढंच सांगा, आरोपी जे बोलला ते खरं आहे का? खरं असेल आणि लोकांच्या हिताचं असेल तर सोडीन. पुरावा आहे?"

वकील म्हणाला, "साक्षीदार आहे."

आणि तुझं नाव घेतलं.

श्यामकांतनं माझ्याकडे बघितलं. मी हसलो. त्याला वाटलं, म्हातारा धीराचा आहे. पण मी तुझ्या नवऱ्याकडे बघून हसलो. इतका शिकलेला माणूस, बायकोला पिंजऱ्यात उभी करतो आणि आधी विचारत नाही, तुला एकूण किती आठवतंय म्हणून. तू त्याला फौजदाराचा चहा सांगितलास. बशी कुठली तेही सांगितलं असशील. पण चहानं काही सिद्ध होत नाही. फौजदारही माणूस आहे, त्याला तल्लफ येते. श्यामकांत विचारेल, "बाई, सहदेव तबेल्यात आहे हे तुमच्या वडलांना मुळात कळलं कसं?" तू उत्तर दिलं नाहीस तर मास्तरांचा बचाव तिथंच कोसळतो.

कळलं कसं, वनू?

तू विसरली असशील तर मी आठवण करून देतो. बाप कशाला असतो. सहदेव तुला पाठुंगळीला घेऊन फिरायचा. तो लपला तेव्हा रुक्मिणी तुझ्या दप्तरातून त्याला भाकरी पाठवायची. पोरीवर कुणाची नजर जात नाही, हुशार बाई. तू ते कुणालाही सांगितलं नाहीस. आईलाही नाही. दोन दिवस तुझं तोंड असं मिटलेलं होतं की मला वाटलं दात दुखतोय.

तेव्हा मशीन जप्त होतं. माइक तेवढा राहिला होता, दुकानाच्या फळीवर. तुझं स्वप्न होतं त्यावर बोलायचं, आणि मी कधी हात लावू दिला नव्हता. त्या दिवशी मी स्टूल ठेवलं, तुला वर उभी केली, माइक तुझ्या तोंडाशी आणला. म्हटलं, "बोल. काय वाटेल ते बोल. मोठ्यानं नको, ह्याला हळू बोललेलंही कळतं. दुसऱ्या कुणाला न सांगितलेलं असेल ते सांग, ह्यातच राहतं."

तू डोळे मिटलेस आणि बोललीस. आवाज किती गोड होता गं तुझा. "सहदेवदादा मरोळला तबेल्याच्या माळ्यावर आहे, आणि त्याला भाकरीबरोबर गूळ आवडतो."

त्या माइकची तार कशाला जोडलेली नव्हती. समोर मी एकटा उभा होतो.

पुढं काय झालं ते मला माहीत नाही. मी फक्त ऐकलं. ऐकणं हा गुन्हा कुठल्या कप्प्यात बसत नाही, विचारून घेतलंय. तू हे पत्र कोर्टात दाखवलंस तरी हरकत नाही. मात्र रुक्मिणी प्रत्येक तारखेला येते आणि पुढच्या बाकावर बसते हे लक्षात ठेव. वाचून दाखवताना तुझ्या वकिलाचा आवाज तिच्यापर्यंत पोचेलच.

श्यामकांतला मी तो प्रश्न दिलेला नाही. अजून. आजारी पड. पोटात आहे, कुणी काही म्हणणार नाही.

तुझे अण्णा

अंधेरी, २३ जानेवारी १९५५

चि. वनू,

तू आजारी पडली नाहीस.

हे पत्र लिहायला मला दोन दिवस लागले. मी श्यामकांतला तो प्रश्न शेवटपर्यंत दिला नव्हता. मनात होतं, फौजदाराचा चहा सांगेल, थरथरेल, उतरेल, प्रकरण हवेत राहील. तुला त्यानं विचारलंच नाही, आणि तू सगळं आपणहून सांगितलंस.

"मी सांगितलं," म्हणालीस. "सहदेवदादाचा पत्ता मी सांगितला. माझ्या वडलांनी मला माइकसमोर उभं केलं आणि मी सांगितलं." मॅजिस्ट्रेट म्हणाले, "बाई, जरा मोठ्यानं." तू मोठ्यानं म्हणालीस. मधे कुणी बटण फिरवायची गरज पडली नाही. माझी पोरगी आहेस.

आणि पुढचं. मी तुला पत्रात लिहिलं नव्हतं, तरी तुला आठवत होतं. की मग अण्णांनी मला खांद्यावर बसवून चौकीवर नेलं. मला बाहेर बाकावर बसवलं, हातात सोड्याची बाटली दिली, म्हणाले गोटी वाजवत बस. आत गेले. बाहेर आले ते फौजदाराला बरोबर घेऊन. तो आपल्या घरी आला, चहा प्यायला. दुसऱ्या दिवशी सकाळी आपलं मशीन परत आलं.

श्यामकांत उलटतपासणीला उभा राहिला. काय विचारणार बिचारा. "तेव्हा तुमचं वय किती?" "दहा." "दहा वर्षांच्या मुलीची आठवण बारा वर्षांनी इतकी स्वच्छ कशी?" तू म्हणालीस, "रोज येते म्हणून." खाली बसला.

तुला पिंजऱ्यातून दिसलं नसेल, म्हणून काय काय ऐकू आलं ते सांगतो. तू 'मी सांगितलं' म्हणालीस तेव्हा मास्तरांच्या हातातला कागद चुरगळला. त्यांना माहीत नव्हतं, होय ना? दोन वर्षं एका घरात राहून तू त्यांना फौजदाराचा चहा दिलास, भाकरी आणि गूळ दिला नाहीस. त्यांचा श्वास आत गेला तो बराच वेळ बाहेर आला नाही. मी मोजत नव्हतो, पण वाट बघत होतो.

आणि रुक्मिणी. तिच्या छातीतली शिट्टी थांबली. बारा वर्षांत पहिल्यांदा. मग ती उठली आणि भिंतीला हात लावत बाहेर गेली. कुणाकडे बघितलं नाही, माझ्याकडेसुद्धा नाही.

श्यामकांत म्हणतो, साक्षीदार पिंजऱ्यात खरं बोलला तर त्याच्यावर फिर्याद टिकत नाही. तेव्हा तुझं हे बोलणं सगळ्यात सुरक्षित कप्प्यातलं. कायद्यानं तुझ्या केसालाही धक्का लागणार नाही.

तुझे अण्णा

अंधेरी, १३ मार्च १९५५

चि. वनू,

हरलो. मास्तर निर्दोष. मॅजिस्ट्रेटांनी लिहिलंय, विधान खरं आहे आणि लोकहितासाठी केलं होतं. अभिनंदन. आता खटला संपला, म्हणून एक दुरुस्ती सांगतो. तू कोर्टात म्हणालीस सोडा संत्र्याचा होता. लिंबाचा होता. बाकी सगळं बरोबर.

मला वाटलं होतं, माझं दुकान बसेल. चार दिवस कुणी आलं नाही. एका सकाळी पाटीवर डांबर फासलेलं होतं. धोंडूनं रॉकेल लावून पुसलं. मग एक लग्न आलं. मग सत्यनारायण. मग एक सभा. लोकांना आवाज लागतो गं, आणि तो चांगला लागतो.

आणि ऐक, बाजारात काय बोलतात. मी दुकानात बसल्या बसल्या ऐकतो, त्यांना वाटतं मला ऐकू येत नाही. आधी म्हणायचे, "जयवंतानं पकडून दिला." मग म्हणायला लागले, "जयवंतानं दिला, पण त्याला पोरीनं सांगितलं." आता नळावर बायका काय म्हणतात? "भाकरी न्यायची आणि तीच घरी येऊन सांगायची, कसली पोर म्हणायची." त्यात मी नाहीच. आपल्याकडे जीभ बाईकडे वळते, पाणी उताराकडे वळतं तशी. त्याला कुठलं कलम लागत नाही. बदनामी म्हणून फिर्याद करशील तर काय सांगशील? खरं आहे की ते. कोर्टात तूच सिद्ध केलंस.

मास्तरांचा सत्कार झाला घाटकोपरला. कर्णे माझेच. मंडळाला म्हटलं, राग धंद्यात आणू नये, आणि ते हसत हसत घेऊन गेले. मी मशीनपाशी बसलो होतो, मफलर गुंडाळून, मागे. मास्तर छान बोलले. सत्याबद्दल बोलले, कलम एकोणीसबद्दल बोलले, सहदेवबद्दल तर असं बोलले की एक माणूस रडला. एक वीत लांब उभे होते. म्हणजे माझं पत्र तू त्यांना वाचून दाखवलं होतंस, निदान पहिलं.

तुझं नाव घेतलं नाही. शेवटपर्यंत वाट बघितली. 'माझी पत्नी' असंही म्हणाले नाहीत. ज्याच्या साक्षीवर सुटले त्याला 'एक साक्षीदार' म्हणाले. कार्यक्रम संपल्यावर एका पोरानं विचारलं, "सर, वहिनी नाही आल्या?" तर म्हणाले, "तिची तब्येत बरी नसते." माइक चालू होता. धोंडू विसरला होता बंद करायला. मी आठवण केली नाही.

ते हल्ली रात्री उशिरा येतात असं कानावर आलंय. शाळेत शिकवण्या असतात म्हणे. ताटावर बसले तर तुझ्याकडे बघत नाहीत, आणि भाकरी असली तर भात मागतात. हे मला कुणी सांगितलं ते विचारू नकोस.

माणूस वाईट नाही तो. पण त्यानं माझ्यावर बोट दाखवायचं ठरवलं होतं. बोटाच्या दुसऱ्या टोकाला तू निघालीस. ते त्याला कसं पेलणार?

तुझी आई वरची खोली झाडतेय. नववा लागला ना?

तुझे अण्णा

अंधेरी, ३ एप्रिल १९५५

चि. वनू,

तुझं कार्ड आलं. अडीच वर्षांनी. एक ओळ. ना मायना, ना सही. "रुक्मिणीकाकू माझ्याबद्दल काही म्हणाल्या का?"

तुझी आई ते कार्ड घेऊन देवघरात गेली, अजून बाहेर आलेली नाही. अक्षर तसंच आहे तुझं, 'क'ची गाठ मोठी.

म्हणाली.

निकालानंतर सातआठ दिवसांनी ती दुकानात आली. दुपारची वेळ, धोंडू गोरेगावला मांडव लावायला गेलेला. दुकानात मी एकटा. पायरी चढताना दोनदा बसली. मी खुर्ची दिली, घेतली नाही. म्हणाली, "जयवंता, माका वनूचो पत्तो दी. तिका सांगूचा आसा."

मी म्हटलं, "मुलुंड लांब आहे, रुक्मिणी. तुला झेपायचं नाही. काय ते मला सांग, मी कळवतो."

"तुका सांगूचा नाय."

फळीवर जुना माइक होता. तोच. आता कुणी वापरत नाही, पण मी टाकलेला नाही. तिची नजर त्यावर गेली. म्हणाली, "ह्येतून बोल्लंय तर मुलुंडाक आयकाक जायत?"

मी म्हटलं, "जाईल."

मी तो खाली काढला, फुंकर मारून धूळ उडवली, तिच्या तोंडाशी धरला. तिनं पदर सारखा केला. तुला हाक मारली, लहानपणी मारायची तशी. मग बोलली. फार नाही. दम लागत होता, दोनदा थांबली. पण बोलली ते स्पष्ट बोलली, शेवटपर्यंत. तार कशाला जोडलेली नव्हती, हे तुला सांगायला नको.

मग मला म्हणाली, "गेला मां?"

"गेलं," म्हटलं.

परवा पहाटे ती वारली. चाळीतल्या लोकांनी नेलं. मीही गेलो होतो, मागे चाललो. कुणी मला अडवलं नाही.

आता ती काय म्हणाली हे माहीत असलेला माणूस मी एकटा. मी लिहून ठेवलेलं नाही. तुझ्या आईलाही सांगितलेलं नाही. ती विचारत होती, पदर धरून. शब्द न् शब्द कानात आहे. श्यामकांतला सहज विचारलं, घटनेत बोलायची मोकळीक आहे तशी बोलायला लावायची सोय आहे का? म्हणाला, "तसं कुठं लिहिलेलं नाही, नारकर. गप्प बसलेल्या माणसावर फिर्याद होत नाही."

पत्रात लिहिणार नाही, वनू. चांगलं बोलली की वाईट, तेही नाही. अशा गोष्टी समोर बसून सांगायच्या असतात. वरच्या खोलीत खाट घातली आहे, सुईण ठरवली आहे, डिंक नवा आणलाय. सोमवारी कर्ण्यांची मोटार मुलुंडला लग्नाला जायची आहे, येताना रिकामीच येते. धोंडू तुझ्या दारापाशी थांबेल. एकटी ये. मास्तरांना म्हणावं, पुढच्या सभेलाही मशीन फुकट.

बाळंतपण सुखरूप होऊ दे. मग एखाद्या दुपारी, तू पोराला पाजत बसली असशील तेव्हा, सांगेन.

फार उशीर मात्र करू नकोस. माझे कान अजून चांगले आहेत, पण वय झालंय. ऐकलेलं किती दिवस लक्षात राहील त्याचा भरवसा नाही.

तुझे अण्णा